दिशा सांगितली, ढेकूण राहिले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शयनगृहावर लेख आला होता. पलंगाचे उसे पूर्वेला किंवा दक्षिणेला असावे असे ‘शास्त्रात सांगितले आहे’, हे वाक्य त्यात दोनदा आहे. कोणत्या शास्त्रात, ते एकदाही नाही. मी 27 वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. खोड जात नाही. पोथी काढून बसले.

वचन खरे आहे. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात, अकराव्या अध्यायात और्व ऋषी सगर राजाला गृहस्थाची दिनचर्या सांगतात, तिथे ‘प्राच्यां दिशि शिरः शस्तम्’ असे आहे; नाहीतर दक्षिणेला. पण त्याला लागून आधी जे आहे ते लेखकमहाशयांनी गाळले. रात्रीचे जेवण झाल्यावर पाय धुऊन झोपायला जावे. शय्या नुसती लाकडाची असली तरी चालेल, पण तडकलेली नको. अरुंद नको, मोडकी नको, उंचसखल नको, मळकी नको, अंथरुणाशिवाय नको, आणि ‘जन्तुमयी’ नको. जन्तुमयी म्हणजे, स्पष्टच लिहिते, ढेकणांनी भरलेली. राजाला हे सांगावे लागले म्हणजे राजवाड्यातही ते असणार! दिशेच्या वाट्याला एखादा श्लोक, बाकी सगळे सुताराचे आणि घरातल्या बाईचे काम.

हे मला एवढे झोंबले त्याला कारण आहे. गुहागर तालुक्यात माझे माहेर. तिथे माजघरात बाज होती, माझ्या वडिलांनी केलेली. वडील सुतार. खूर शिवणीचे, दांड्या सागाच्या, विणकाम काथ्याच्या सुंभाचे. आईची चारही बाळंतपणे त्या बाजेवर झाली, माझे पहिले तिच्यावरच. खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचा, की धुरी सुंभाच्या भोकांतून पाठीला लागायची. दोन वर्षांपूर्वी भाच्याने घराची डागडुजी काढली तेव्हा कुणा वास्तुसल्लागाराने बाज ‘दोषयुक्त’ ठरवली. ती खळ्यात टाकली गेली आणि जून-जुलैचा सगळा पाऊस तिने अंगावर घेतला. तिच्या जागी, उसे बरोबर पूर्वेला करून, प्लायवूडचा बॉक्स बेड आला. गणपतीला गेले तेव्हा पांघरूण काढायला त्याचे झाकण उचलले, तर आतल्या दोन्ही गाद्या बुरसलेल्या. आपल्या हवेत पेटीत गादी कोंडल्यावर दुसरे काय होणार? और्व ऋषींनी खोली पाहिली असती तर दिशा विचारण्याआधी झाकण उघडायला लावले असते.

आता त्या लेखातले दुसरे वाक्य. ‘उपनिषदांतील ब्रह्मदेवाचा सुवर्णपलंग’. कौषीतकी उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात ब्रह्मलोकाचे वर्णन आहे. तिथल्या पलंगाचे नाव अमितौजस्, आणि तो म्हणजे प्राण, असे उपनिषद सांगते. त्यात सोने नाही. काय आहे ते पाहा: भूत आणि भविष्य हे पुढचे दोन पाय, श्री आणि इरा हे मागचे दोन. इरा म्हणजे अन्न. बृहत् आणि रथंतर ही सामे, म्हणजे सामवेदातली गायनाची सूक्ते, या लांबीच्या दांड्या. ऋचा आणि सामे हे उभे धागे, यजुस्, म्हणजे यजुर्वेदातले मंत्र, हे आडवे. सोमाच्या काड्यांचे अंथरूण, श्रीची उशी. उभे-आडवे धागे! म्हणजे ही विणलेली बाज आहे. ज्याने हे रचले त्याने बाज विणताना कुणाला तरी जवळून पाहिलेले असणार, नाहीतर हा तपशील सुचत नाही.

बी. ए.ला असताना सुट्टीत मी हे वडिलांना वाचून दाखवले होते. ते पडवीत रंधा मारत होते. हात थांबवून सगळे ऐकले आणि म्हणाले, ‘पायगतीची ताणायची दोरी कशाची केली?’ मी परत पाहिले. ती नाही सांगितलेली. ‘मग सैल पडली की ब्रह्मदेव काय करतो?’ एवढे बोलून पुन्हा रंध्याला लागले. त्याच ठिकाणी पुढे आहे की जाणणारा मनुष्य आधी नुसत्या पायानेच त्या पलंगावर चढतो आणि मग ब्रह्मा त्याला ‘तू कोण?’ असे विचारतो. हे मी त्यांना सांगायचे राहूनच गेले.

अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्य, म्हणजे भटका व्रतस्थ, वर्षभर उभा राहतो. देव विचारतात, ‘व्रात्या, उभा का?’ तो म्हणतो, मला आसंदी, म्हणजे बसायचे आसन, आणा. मग ऋतूंचे पाय लावून त्याच्यासाठी आसन तयार होते: वसंत आणि ग्रीष्म दोन पाय, वर्षा आणि शरद दोन. त्यातही उभे तंतू ऋचांचे, आडवे यजुसांचे. आलेल्या माणसाला उभे ठेवायचे नाही, पाट मांडायचा, हे आपल्याकडे ओटीवर कुणी शिकवावे लागत नाही.

आणि अयोध्याकांडात शृंगवेरपुराला भरत रामाची शय्या पाहतो ती नुसती गवताची. इंगुदीच्या झाडाखाली चुरगळलेले गवत, त्यात सीतेच्या दागिन्यांचे सोन्याचे कण आणि रेशमाचे धागे अडकलेले. उसे कुठल्या दिशेला होते, हे भरताने विचारलेले मला आढळले नाही.

आपण दुरुस्ती छापाल अशी फारशी आशा नाही. मात्र एक विनंती आहे. ती बाज मी टेम्पोत घालून माझ्या घरी आणली आहे. एक खूर कुजला होता, तो बदलून घेतला. विणायला बसले, नायलॉनची दोरी अंगाला कापते, म्हणून हाताने वळलेला सुंभ शोधून आणला. उभे धागे ताणून झाले, आडवे घालताना हिशोब चुकतो आणि मधोमध झोळ पडतो. गुहागर-दापोलीकडे बाज विणणारे कुणी हयात असेल तर वाचकांनी आपल्या कार्यालयात कळवावे. मी येऊन त्यांना घेऊन जाईन.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, दापोली