डॉक्टरांच्या नावाने जनावरांचा डॉक्टर घडवूया

सभासद, गावकरी आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या सगळ्या माणसांना आमचा नमस्कार.

गेल्या पौषात आपले जनावरांचे डॉक्टर गेले. तरी रात्री गाय अडली की अजूनही फोनवर बोट त्यांच्याच नंबरवर जातं. माणदेशातल्या आपल्या या गावात वासरू आडवं आलं, वार पडली नाही, कास दगडासारखी झाली, की हाक त्यांनाच. ओला लसूणघास खाऊन फुगलेल्या खिलार बैलाच्या डाव्या भकाळीत त्यांनी बॅटरीच्या उजेडात ट्रोकार, म्हणजे पोटातला वारा काढायची जाड पोकळ सुई, घातली, सूं करून वारा निघाला आणि बैल उठून उभा राहिला, हे आमच्यापैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. 2018-19च्या दुष्काळात ते चारा छावणीतच मुक्कामाला होते. 2022 साली जनावरांमध्ये लम्पी हा त्वचेचा साथीचा रोग आला, बाजार बंद झाले, तेव्हा गोठ्यागोठ्यात जाऊन त्यांनी लस टोचली. घाई कितीही असो, प्रत्येक जनावराला नवी सुई. त्यावर त्यांनी कधी तडजोड केली नाही.

त्यांचा पुतळा उभारावा, कमानीला नाव द्यावं, असं काहींनी सुचवलं. भावना खरी आहे, पण कमान रात्री दोन वाजता गोठ्यात येत नाही. म्हणून आपल्या दूध संस्थेच्या सभेने एकमताने ठरवलं, की डॉक्टरांच्या स्मरणार्थ दरवर्षी पशुवैद्यक पदवीला प्रवेश मिळालेल्या एका मुलाला किंवा मुलीला शिष्यवृत्ती द्यायची.

हे शिक्षण साडेपाच वर्षांचं आहे, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश. शिरवळचं पशुवैद्यक कॉलेज आपल्याला जवळचं, पण नंबर परभणी, उदगीर, नागपूर किंवा मुंबईत परळलाही लागू शकतो. फीच्या सवलतीसाठी सरकारी योजना आहेत. मुलं अडतात ती मेसच्या बिलाला, खोलीच्या डिपॉझिटला, पुस्तकांना, एप्रन-गमबुटाला. चार शेरडांवर घर चालवणारा बाप हे दर महिन्याला कुठून आणणार? आमची शिष्यवृत्ती याच खर्चासाठी असेल आणि एकदा निवड झाली की शिक्षण संपेपर्यंत चालू राहील. मेंढपाळ आणि अल्पभूधारक घरातल्या मुलांना पहिला मान, मुलींनी तर जरूर अर्ज करावा. कार्यकारी मंडळाच्या घरातलं कुणी पात्र धरलं जाणार नाही.

गावातच परत या, अशी अट आम्ही घातलेली नाही. तरुण पोराच्या पायात दोर बांधून डॉक्टर मिळत नसतो. सुट्टीत आल्यावर लसीकरणाला चार दिवस हात लावावा, एवढीच अपेक्षा.

आता मागणं. सभासदांनी दिवाळीला मिळणाऱ्या दूधदराच्या फरकातून जमेल तेवढी रक्कम या निधीला द्यावी. तसं संमतीपत्र डेअरीवर ठेवलं आहे. सहीशिवाय कुणाच्याही बिलातून एक रुपया कापला जाणार नाही. ज्यांना रोख जमत नाही त्यांनी आठवड्यातून एका सकाळचं एक लिटर दूध निधीच्या नावे घालावं. बाहेरगावच्या मंडळींनी संस्थेच्या नावे चेक द्यावा, मागे ‘शिष्यवृत्ती’ असं लिहावं. डॉक्टरांच्या घरच्यांनी त्यांची पुस्तकं आणि पेटी पहिल्या विद्यार्थ्यासाठी आधीच आणून दिली आहे.

जमाखर्च दर महिन्याच्या एक तारखेला डेअरीच्या फळ्यावर लागेल. पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती पैसे देऊ नका.

आपले,
कार्यकारी मंडळ, गावची दूध उत्पादक संस्था