दादाने अलार्म म्यूट केला त्यावरून

प्रिय वहिनी,

पत्र मुद्दाम तुलाच लिहितेय, दादाला फोनवर काही सांगावं तर तो एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्याने सोडून देतो, आणि मंगळ-गुरु-शनि बाबांबरोबर डायलिसिसला परळला जाऊन बसतेस तूच. इथे लीड्समध्ये पाऊस पडतोय, सकाळची शिफ्ट संपवून आलेय, कुकर लावलाय आणि लिहायला बसले.

परवा दादा फोनवर केवढ्या अभिमानाने सांगत होता की गुरुवारी तू खाली औषध आणायला गेली होतीस तेव्हा बाबांचं मशीन सारखं वाजत होतं, सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे होती म्हणून त्यानेच बटण दाबून ते गप्प केलं. मी तेव्हा काही बोलले नाही कारण आई स्पीकरवर होती. पण वहिनी, रात्री मला झोप लागली नाही गं. सात वर्षं मी डायलिसिस युनिटमध्येच काम करतेय आणि आजही कुठला अलार्म आला तर आधी पेशंटचा हात बघते, मग स्क्रीन. त्याला सांग मशीनला हात लावायचा नाही, सिस्टरला हाक मारायची, ओरडावं लागलं तरी चालेल, तिथे कोणी लाजायला बसलेलं नाहीये.

आणि मशीन वाजलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही, हे तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाबांच्या डाव्या हातात दोन सुया असतात ना, एकीतून रक्त बाहेर येतं आणि दुसरीतून परत आत जातं, मिनिटाला साधारण ३०० मिली. अख्ख्या अंगात रक्त जेमतेम ५ लिटर. परत जाणारी सुई निसटली तर पंप आपला चालूच राहतो, रक्त बाहेर सांडत राहतं, ५ मिनिटांत दीड लिटर. तुला वाटेल मशीनला कळेल की. प्रेशर मोजतं ते, खरंय, पण ते प्रेशर बरंचसं त्या बारीक सुईतून रक्त ढकलायचं असतं, म्हणून सुई हाताबाहेर पडली तरी आकडा थोडासाच उतरतो आणि कधी कधी अलार्मच्या मर्यादेत बसून जातो. मग हिरवा दिवा, सगळं छान.

माझ्या डोळ्यांदेखत झालंय म्हणून सांगते. एक आजोबा, गळ्यापर्यंत ब्लँकेट, छान डुलकी लागलेली. आम्ही दर अर्ध्या तासाने बीपी घेतो, त्यांचं १० मिनिटांपूर्वीच घेतलेलं, वरचं १३८. मी शेजारच्या बाईंना बीपीचा कफ बांधायला वाकले आणि बूट लादीवर चिकटला. खाली बघितलं तर रक्त. पंप बंद केला, नळी क्लॅम्प केली, ब्लँकेट ओढून काढलं आणि हात दाबून धरून ओरडले. वाचले ते, पण मला अजून तो बुटाचा चिकटा आठवतो.

म्हणून बाबांचा डावा हात पूर्ण वेळ उघडा, शाल त्यावर नको. त्यांना थंडी वाजते हे मला माहितीये, एसी असतो आणि रक्तही बाहेर फिरून येतं. कुडकुडत असतील तर सिस्टरला सांग, पण मशीनचं तापमान वाढवाच म्हणून मागे लागू नका, ते थोडं कमी ठेवलं की बीपी टिकतं, मुद्दाम ठेवलेलं असू शकतं. आणि सुई लावून झाली की टेप नीट बसलाय का, घामाने सुटत नाहीये ना, आणि नळीला थोडी ढील आहे ना एवढं तुझ्या डोळ्यांनी बघत जा.

बीपीचं सांगते. डाव्या हाताला कफ कधीच नाही, घरी नाही, दवाखान्यात नाही, कोणी घाईत बांधायला लागलं तर तूच "फिश्चुला आहे" म्हणून थांबव, म्हणजे सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली ती जागा. त्या हातात घड्याळ नको, भाजीची पिशवी पण नको, दादरहून दोन जुड्या मेथी आणतात ती उजव्या हातात. रोज सकाळी तिथे बोट ठेवून थरथर लागतेय का बघायचं, मांजर घुरघुरतं तशी. नाही लागली तर त्याच दिवशी डायलिसिसवाल्यांना फोन, उद्यावर ढकलायचं नाही. घरी बीपी घेताना तीन जिने चढून आल्याआल्या नको, ५ मिनिटं टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला.

मशीनवर बीपी पडायला लागलं की बाबा सांगणार नाहीत, "मला काय झालंय" करतील. तू जांभई बघ. लागोपाठ जांभया, कपाळाला घाम, पोटरीत गोळा, किंवा क्रिकेटवर चाललेली बडबड एकदम बंद. मग कफची वेळ व्हायची वाट न बघता बीपी घ्यायला सांगायचं. ते पाय वर करतील, पाणी काढणं थांबवतील, लागलं तर सलाईन देतील.

बहुतेक वेळा कारण पाणीच असतं, मधल्या दिवसांत अंगात साठलेलं, जे मशीनला काढावं लागतं. तासाला किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त काढू नये असं आम्ही धरतो, बाबा ६० किलोचे, म्हणजे ४ तासांत ३ लिटरच्या आसपास. शनिवार ते मंगळवार मधे ४ किलो वाढवून आले तर ते बिचारं शरीर कुठून देणार? लोणचं-पापड बंद केलं तर तहान आपोआप कमी होते. बीपीची सकाळची गोळी त्या दिवशी आधी घ्यायची की नंतर ते डॉक्टरांना विचार, स्वतः ठरवू नका. मशीनवर असताना बटाटावडा पण नको, रक्त पोटाकडे जातं आणि बीपी खाली. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांग शहाळं आणू नका, त्यातलं पोटॅशियम त्यांना चालत नाही, आत्याला तर दोनदा सांग, ती ऐकत नाही.

मी दिवाळीत पाठवलेला राखाडी स्वेटर आहे ना, आईला सांग त्याची डावी बाही खांद्यापासून कापून टाक. ती म्हणेल महागाचा आहे. कापायलाच लाव, आणि शनिवारी बाबा तो घालून बसले की एक फोटो पाठव.

तुझी,
नणंद