कोजागिरी आणि गच्ची

नागपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय मिल्या,

काल तुझा फोन वाजला तेव्हा मी टॉवरच्या गच्चीवर होतो, मोबाइल घरी. आमच्या वर्धा रोडच्या या टॉवरची गच्ची एरवी कुलूपबंद असते. कोजागिरीच्या दुधासाठी तेवढी किल्ली निघते. मी पातेलं वर यायच्या आधीच जाऊन बसलो. पाऊस नुकताच सरलेला, हवेत धूळ नाही. असं नागपूर वर्षातून थोडेच दिवस दिसतं.

खाली आपण पत्ता चौकानं सांगतो ना? व्हरायटी चौक, शंकरनगर चौक, अजनी चौक. वरून एक चौक सापडेल तर शपथ बे! झाडांनी सगळे गिळलेत. ओळखू येतात ती पाणी, टेकड्या आणि घुमट. पश्चिमेकडे अंबाझरी तलाव चमकला की बाकीचं शहर आपोआप जागेवर बसतं. नाग नदी मात्र दिसत नाही. घरांमधून झाडीची एक वाकडी पट्टी जाते, तीच नदी समजायची. भिंती तिला इतक्या खेटून उभ्या आहेत की २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडला तेव्हा पाणी लोकांच्या घरात शिरलं, याचं नवल वाटेना.

सीताबर्डीचा किल्ला खालच्या बाजाराच्या गल्ल्यांतून कधी नीट दिसला नव्हता. काल दोन उंचवटे वेगळे दिसले, मोठी टेकडी आणि छोटी टेकडी. नोव्हेंबर १८१७ ची लढाई आपण शाळेत घोकली, पण समजली काल. २७ तारखेच्या सकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथून मोठीवर तोफा डागल्या. मधलं अंतर बघ, म्हणजे इंग्रजांची काय गत झाली असेल ते कळतं. इंग्रजांच्या घोडदळाच्या एका हल्ल्यानं डाव फिरला. नाहीतर आपलं नागपूर इतक्या लवकर इंग्रजांच्या मुठीत गेलं नसतं, असं आपलं मला वाटतं.

दीक्षाभूमी अगदी जवळ. १२० फूट व्यासाचा तो पांढरा घुमट संध्याकाळी केशरी होतो. दसऱ्याला पहाटेपासून अजनी स्टेशनकडून पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, डोक्यावर गाठोडी अशी रांग खिडकीतून बघत होतो, ती रात्रीपर्यंत तुटली नाही. तुझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं होते. ते घुमटाबद्दल कधी बोलायचे नाहीत, आठवतं? मैदानाबद्दलच बोलायचे, आणि त्या दिवशीच्या शांततेबद्दल.

मेट्रो, उड्डाणपूल, खालचा रस्ता हे एकावर एक तीन मजले आमच्या पायाशीच आहेत. पोरं त्यावरच खूश होती. मला वरून ते कंटाळवाणं वाटलं.

तुझं इंदोरा कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरून शोधलं. चिमण्या दिसल्या, त्यांच्या अलीकडे नजर आणत गेलो, पण तुमची गल्ली काही हाती लागली नाही. नंतर चंद्र वर आला, दूध उकळलं आणि काकू मंडळींनी खुर्च्या मागितल्या.

एक वाद मिटवून दे. आमच्या मजल्यावरचे एक आजोबा ईशान्येला निळसर उंचवटा दाखवून म्हणतात, तो रामटेकचा डोंगर. मला तो ढग वाटतो. तुझी मामी रामटेकची. मंदिराकडून कोराडीचा धूर दिसतो का, एवढं तिला विचार. दिसत असेल तर म्हातारा खरा.

तुझा,
सुध्या