बायका 'उत्सुक' नव्हत्या, मयतावर गळा काढत होत्या

संपादक महोदय,

इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या मजकुरात 'कीनिंग' या शब्दाची फार परवड होते. मूळ वाक्यात मृतदेहाभोवती बसलेल्या बायका 'कीनिंग' करत असतात, म्हणजे मेलेल्यासाठी विलाप करत असतात. मराठीत त्या 'उत्सुक' नाहीतर 'आतुर' होतात. प्रेतापाशी बसलेल्या बाईला आतुर म्हणणे ही साधी चूक नाही, म्हणून हे पत्र.

'कीन' हे इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढे एक. तीक्ष्ण, उत्सुक अशा अर्थाचा शब्द जर्मानिक कुळातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'धाडसी' होता, आणि त्याचा जर्मन भाऊबंद 'क्यून' आजही धाडसीच आहे. दुसरा 'कीन' थेट आयरिशमधून आला. 'कीनिम' म्हणजे 'मी विलाप करते', आणि त्याचे नाम 'कीन्यू'. इंग्रजी लिखाणात हा शब्द रुळला तो एकोणिसाव्या शतकात.

या शब्दामागे नुसते रडणे नाही, रचना आहे. आयर्लंडमध्ये मृतदेह घरात ठेवून रात्र जागवत, तिथे किंवा कबरीपाशी एक जाणती बाई पुढे होई. बरेचदा ती मोबदला घेऊन आलेली असे. आधी हाक: मेलेल्याला उद्देशून, लाडाच्या संबोधनाने. मग पदे: त्याचे घराणे, रूप, दिलदारपणा, मागे राहिलेल्यांची दशा. ठरावीक ओळींचा साठा तिच्या तोंडी असे, त्यातून ती त्या माणसापुरते पद तिथल्या तिथे बांधी. शेवटी 'गोल', म्हणजे आयरिशमध्ये रडणे. त्यात बाकीच्या बायका सूर मिसळत. अंग पुढेमागे झुलत असे, टाळ्या पिटल्या जात. चर्चने सतराव्या शतकापासून या प्रथेला विरोध केला आणि विसाव्या शतकात ती जवळजवळ मिटली.

यातले सर्वांत प्रसिद्ध विलापगीत आर्ट ओ'लीरी याच्यावरचे. ४ मे १७७३ रोजी कॉर्क परगण्यात त्याला गोळी घालून मारले. कॅथलिकाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगण्यास तेव्हा कायद्याने मनाई होती, आणि पाच पौंडांत घोडी विकायला त्याने नकार दिला, असे परंपरा सांगते. गीतात ती घोडी स्वाराविना घरी येते, बायको एलीन तिच्यावर स्वार होऊन त्याच्यापर्यंत पोचते आणि त्याचे रक्त ओंजळीने पिते. हे गीत आधी बायकांच्या तोंडी टिकले, कागदावर पुष्कळ नंतर उतरले.

अनुवाद करताना अडचण येते ती 'कीनर'पाशी. तो 'अधिक उत्सुक'ही असतो आणि विलाप करणारी बाईही. शिवाय कॅनडात अतिउत्साही विद्यार्थ्यालाही 'कीनर' म्हणतात. 'कीनर'नंतर 'दॅन' ('पेक्षा') आले तर ती तुलना. 'कीनिंग' आणि 'कीन्ड' ही रूपे मात्र दिसली की विलापच समजावा, कारण 'उत्सुक'वाला शब्द आजच्या इंग्रजीत क्रियापद म्हणून सहसा चालत नाही. वारा 'कीनिंग' करत असेल तर तो आक्रंदतो आहे. 'बोचरा वारा' हा पहिल्या 'कीन'चा.

मराठीत याला सर्वांत जवळचे आहे 'गळा काढणे'. 'हंबरडा फोडणे' एका क्षणाचे असते, 'टाहो'त शब्दांची रचना नसते, आणि 'विलाप' अर्थाला बरोबर असला तरी पुस्तकी वाटतो. नाव घेऊन, गुण आठवून, सूर लावून रडणे हे सगळे 'गळा काढणे'त आहे. फक्त मथळ्यांनी ते कुरकुरीसाठी इतके झिजवले आहे ('विरोधकांनी गळा काढला') की 'मयतावर' हा शब्द सोबत ठेवावाच लागतो. 'रुदाली' मात्र इथे वापरू नये. तो शब्द राजस्थानातला आहे, आणि ठाकुरांच्या दारी रडावे लागणाऱ्या बायकांची जात व गरिबी त्याला चिकटलेली आहे. आयरिश बाईचे तसे नव्हते; ती मोबदला घेणारी असो वा घरातली, तिच्या पदरचना करण्याच्या हातोटीला गावात मान होता.

— एक अनुवादक, पुणे