बागेत उंदरांना विष नको, आधी त्यांचे खाणे तोडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बडोद्यात विश्वामित्री नदीचे पाणी चढले की काठच्या बिळांतले उंदीर-घुशी उंचावर येतात आणि कमाटीबागेसारख्या जागी विषाच्या वड्या टाका, अशी मागणी होते. कृपा करून ती मान्य करू नये. ब्रोमाडिओलोन हे उंदीरनाशक खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठवणारे 'के' जीवनसत्त्व त्याच्या शरीरात कामी येईनासे होते, आतल्या आत रक्तस्राव होतो आणि काही दिवस तो मरगळून उघड्यावर फिरतो. पिंगळा, गव्हाणी घुबड, मुंगूस यांना आयती शिकार! रोज उंदीर मारणारेच त्या विषाने मरतात. झिंक फॉस्फाइड हे दुसरे विष थोडे खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही, आणि कुत्र्याच्या पोटात गेले तर त्यावर उतारा नाही.

भेळेचे कागद, सांडलेले शेंगदाणे, कबुतरांची ज्वारी रात्रभर पडून राहते तोवर सगळे उपाय फुकट. कचरापेट्यांना घट्ट झाकण हवे आणि त्या सकाळी नव्हे, बाग बंद होतानाच रिकाम्या व्हाव्यात.

मग बिळे. संध्याकाळी सगळी तोंडे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. तिथेच चापाचा सापळा लावायचा, तोही लाकडी खोक्यात. खोक्याचे भोक उंदरासाठी 7 सेंटीमीटर, घुशीसाठी 10, म्हणजे मोठे कुत्रे आत तोंड घालणार नाही. उंदीर भिंतीच्या कडेने जातो, म्हणून खोके भिंतीला चिकटून ठेवावे. आमिष भज्याचे किंवा शेंगदाण्याचे. पहिल्या तीन रात्री चाप न ओढता नुसते खाऊ द्यावे, कारण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग सापळे चालत नाहीत म्हणतात. चाप अंधार पडल्यावर ओढावा, उजाडायच्या आत सोडवावा. खारी आणि मुंगूस दिवसा फिरतात, ते वाचतात. मेलेला उंदीर रबरी हातमोजे घालूनच उचलावा, लेप्टोचा (उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो.

चिकट पुठ्ठे मात्र कुठेच नकोत. त्यांवर सरडे आणि चिमण्याही तडफडतात.

घुबडांसाठी झाडावर पेट्या जरूर लावाव्यात, पण विष पूर्ण थांबल्यावरच. आधी लावल्या तर आई तोच विषारी उंदीर पिल्लांना भरवील.

आपले,
उद्यानप्रेमी वाचक, दांडिया बाजार, बडोदे