पेन ड्राइव्ह म्हणजे कागदपत्रे नव्हेत

महोदय,
फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार पोलीस अहवाल व साक्षीदारांचे जबाब आरोपीला १४ दिवसांत विनामूल्य मिळायला हवेत. मात्र ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, उदाहरणार्थ पेन ड्राइव्हवर, दिले, तरी रीतसर दिले असेच मानले जाते. वकील न नेमता स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या कच्च्या कैद्याने तो पेन ड्राइव्ह बराकीत लावायचा तरी कोणत्या संगणकाला? पंचनाम्यातील वेळ आणि जबाबातील वेळ, दोन्ही कागद शेजारी ठेवून पुनःपुन्हा वाचल्याखेरीज उलटतपासणीचा नेमका प्रश्न सुचत नाही. तपास अधिकाऱ्याने गोळा केलेल्या, पण आरोपासाठी आधार न घेतलेल्या कागदपत्रांची यादीही आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या आरोपीला ही यादी आणि संपूर्ण छापील प्रत न मागता मिळालीच पाहिजे.
– एक वाचक, सातारा