दापोलीला जाताना खेडनंतरचा विचार आधी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृषी अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या आल्या की ओळखीचे पालक मला फोन करून एकच प्रश्न विचारतात, ‘दापोलीला जायचं कसं?’ एरवी दापोली म्हणजे मुरूड-हर्णैची सहल. पण 1972 साली तिथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यभरातली मुले शिकायला येऊ लागली. माझी मुलगी तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. डोंबिवलीहून जाण्याचे बहुतेक मार्ग आमचे वापरून झाले आहेत. तो अनुभव नव्या पालकांच्या उपयोगी पडावा म्हणून हे पत्र.

दापोलीला रेल्वे नाही. जवळचे स्थानक कोकण रेल्वेवरचे खेड. तिथून फुरूस, वाकवलीवरून दापोली साधारण तीस किलोमीटर. मुंबईहून अंतर सव्वादोनशेच्या आसपास असले, तरी सगळा प्रवास सुखाचा होणार की त्रासाचा, हे या शेवटच्या तीस किलोमीटरांवर ठरते. आम्ही पहिल्या वेळी ते लक्षात घेतले नाही. रात्रीची झोप गाडीत होईल आणि सकाळी वसतिगृहात पोचू, अशा हिशेबाने कोकणकन्याची तिकिटे काढली. गाडी वेळेवर आली, तिचा काही दोष नाही. पण पहाटे चारच्या सुमारास, भर पावसात, वळकटी, बादली आणि दोन बॅगा घेऊन आम्ही मायलेकी खेडला उतरलो आणि उजाडेपर्यंत बाकावर बसून राहिलो. स्थानक गावाबाहेर आहे, बसस्थानक गावात. मी सोबत होते म्हणून ठीक. त्या वेळी ती एकटी असती तर, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही. दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारीसुद्धा खेडला पहाटेच पोचते.

त्यानंतर आम्ही दिवसाच्या गाड्या धरल्या. मांडवीने गेले की दुपारच्या आत खेड येते आणि पुढची बस किंवा रिक्षा शोधायला उजेड असतो. परतीलाही ती दुपारनंतर खेडला मिळते, म्हणून मुलगी बहुधा तिनेच घरी येते. दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर आम्हा डोंबिवलीकरांना सर्वांत जवळची आणि स्वस्त, मात्र सामान असेल तर तिच्या गर्दीत शिरणे कठीण. वंदे भारत खेडला थांबते आणि सकाळीच पोचवते, पण विद्यार्थ्याने दर वेळी तेवढे भाडे भरावे असे मला वाटत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि प्रवेश नेमके त्याच दिवसांत होतात, तेव्हा जुन्या वेळांवर विसंबू नये. आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते. गणपतीच्या दिवसांचे तिकीट हवे असेल, तर पहिल्याच सकाळी तयार राहावे लागते.

सामान घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांना मात्र मी ठाण्याहून सुटणारी दिवसाची थेट एस.टी. सुचवेन. वेळ जास्त लागतो, सात-आठ तास धरून चालावे. पण चढलो की थेट दापोलीतच उतरायचे. काशेडीच्या बोगद्यामुळे घाटाची वळणेही आता वाचतात. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलीला सणासुदीला घरी बोलावताना हात आखडता घ्यावा लागत नाही. खासगी रात्रबसचा आमचा अनुभव चांगला नाही. तिकीट दापोलीचे असूनही एकदा मुलीला रात्री महामार्गावरच उतरवून दुसऱ्या गाडीची वाट पाहायला सांगितले. बागमांडला-वेसवीच्या फेरीबोटीने स्वतःच्या गाडीतून जाणे अतिशय सुंदर, पण तो सुट्टीचा रस्ता, ट्रंका घेऊन जाण्याचा नव्हे.

माझी मागणी मोठी नाही. पहाटेच्या गाड्यांना जोडून खेड स्थानकाच्या दारातून दापोलीला जाणारी एक बस असावी, निदान प्रवेशाच्या आणि सुट्ट्यांच्या दिवसांत. रेल्वेगाडी उशिरा आली तर बसने थांबावे. आणि स्थानकातल्या स्त्रियांच्या प्रतीक्षालयाजवळ रात्रभर कुणीतरी कर्मचारी असावा. ते होईपर्यंत, दापोलीकडे जाणारी पहिली आणि शेवटची बस किती वाजता आणि कुठून सुटते, एवढ्या दोन ओळी तरी प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापाव्यात. लातूर-परभणीकडून, गोंदियाकडून येणाऱ्या मुलांना कोकणातला पाऊसही नवा असतो आणि खेडचे स्थानकही.

– एक पालक, डोंबिवली (पूर्व)